वाढदिवसाची मेजवानी आणि वाढणारे हात

गेल्या काही दशकांत मध्यमवर्गीय आणि कायम नोकरी असलेल्या कामगार कुटुंबांतील वाढदिवसाचे स्वरूप पार पालटले आहे. पूर्वी पाटाभोवती रांगोळी, निरांजनाचे औक्षण, पानात श्रीखंड-पुरी किंवा शेवयांची खीर आणि शेजारच्या चार मुलांना वाटलेले पेढे एवढ्यात तो साजरा होई. आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर दिल्ली, इंदूर, बडोदे, बंगळूर येथील मराठी घरांतही त्या दिवशी स्वयंपाकघराला सुटी असते. एखाद्या खास उपाहारगृहात टेबल आधीच राखून ठेवले जाते, दिवे मंद करून केक आणला जातो, टाळ्या वाजतात आणि सारे कुटुंब जेवून घरी परतते.

या प्रथेविषयी चळवळीतील साथींमध्ये दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आढळतात. काही जण उपभोगवादाचा चोचला म्हणून तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. अन्य काही जण ‘ही घरगुती बाब आहे, तिचा राजकारणाशी संबंध काय?’ असे म्हणून विषय झटकून टाकतात. वस्तुतः दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, कारण दोहोंतही श्रम करणारी व्यक्ती दृष्टीआड होते.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांचा विचार करू. ज्या घरगुती श्रीखंड-पुरीची आठवण ते हळव्या स्वरात काढतात, तिच्यामागे कोणाचे श्रम होते? आदल्या रात्री चक्का बांधून ठेवणारी, भर उन्हाळ्यात कढईसमोर उभी राहून पुऱ्या तळणारी, सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले वाढून घेणारी आणि शेवटी भांडी घासून ओटा पुसणारी ती स्त्रीच होती. तिच्या स्वतःच्या वाढदिवशीही या क्रमात बदल होत नसे. किंबहुना तिचा वाढदिवस कोणता, हेच पुष्कळ घरांत कोणाच्या स्मरणात नसे.

लेनिन यांनी १९१९ साली लिहिलेल्या ‘एक महान आरंभ’ या पुस्तिकेत सार्वजनिक भोजनालये, शिशुगृहे व बालवाड्या यांना साम्यवादाचे अंकुर म्हटले आहे. स्त्रीला घरकामाच्या क्षुद्र, बुद्धी बोथट करणाऱ्या जाचातून सोडवण्याचे सामर्थ्य याच साध्यासुध्या संस्थांत आहे, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा वर्षातून एकदा घरातील स्त्रीने टेबलाशी निवांत बसून दुसऱ्याने वाढलेले गरम अन्न खावे, यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. आनंदाचा हक्क श्रीमंतांनाच बहाल करून टाकणे म्हणजे साधेपणा नव्हे.

परंतु त्याच ठिकाणी लेनिन यांनी एक इशाराही दिला आहे. भांडवलशाहीतही अशा संस्था निर्माण होतात, मात्र तेथे त्या नफ्याचे साधन बनतात आणि नफेखोरीचे सारे दोष त्यांना चिकटतात. वाढदिवसाच्या मेजवानीचा दुसरा प्रश्न येथून सुरू होतो. एका घरातील स्त्रीच्या खांद्यावरून उतरलेले ओझे नाहीसे झालेले नसते. ते भटारखान्यातील आचाऱ्याच्या, मोरीवर भांडी घासणाऱ्याच्या आणि वेटरच्या खांद्यावर गेलेले असते. कुटुंबाच्या सुटीचा रविवार हाच त्यांचा सर्वांत कष्टाचा दिवस. दुपारची गर्दी ओसरल्यावर मधले तास बिनपगारी मोकळे आणि रात्री पुन्हा बारापर्यंत उभे राहणे, अशी तुटक पाळी या धंद्यात सर्रास आढळते. परक्या मुलाच्या केकभोवती हसतमुखाने टाळ्या वाजवणाऱ्या वेटरला आपल्या मुलाच्या वाढदिवशी रजा मिळतेच असे नाही. पुष्कळदा त्याचे मूल शेकडो मैल दूर गावी असते.

टेबल पुसणाऱ्या ‘पोऱ्या’ची गोष्ट तर अधिक विदारक आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले, उपाहारगृहे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना राबवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी, घरच्या उद्योगातील मदतीसारखे अपवाद ठेवून, सर्व व्यवसायांना लागू झाली. तरीही हातात ओले फडके घेतलेला मुलगा रस्त्याकडेच्या हॉटेलांतून अदृश्य झालेला नाही. आठव्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकणारे एक मूल आणि आपली जन्मतारीख ठाऊक नसलेले दुसरे मूल एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे असते.

आता बिलाकडे वळू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून ही तत्त्वे ग्राह्य ठरवली. वृत्तपत्रांनी या निकालाची चर्चा ग्राहकाचा विजय म्हणून केली, आणि ग्राहकाची लूट थांबावी हे योग्यच आहे. पण ज्याच्या सेवेच्या नावाने हे शुल्क घेतले जात होते त्या कामगाराचा प्रश्न या वादात कडेलाच राहिला. सेवाशुल्क असो वा नसो, त्याच्या वेतनाचे काय? ग्राहकाची बक्षिसी ही वेतनाची जागा घेऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ साली हॉटेल व उपाहारगृह कामगारांसाठी केलेल्या १७२ क्रमांकाच्या करारात हेच तत्त्व नमूद आहे: बक्षिसी कितीही मिळो, कामगाराला नियमित अंतराने मूळ वेतन मिळालेच पाहिजे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

मालकाविना हा व्यवसाय चालणारच नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर देशातील अनेक शहरांत उभे आहे. कॉफी बोर्डाने चालवलेली कॉफी हाउसे १९५० नंतरच्या दशकात बंद होऊ लागली आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा कॉ. अ. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ही कॉफी हाउसे स्वतःच चालवण्याचा निर्णय घेतला. १९५७ साली बंगळूर व दिल्ली येथे अशा संस्था उभ्या राहिल्या, १९५८ साली त्रिशूरमध्ये केरळातील पहिले कॉफी हाउस उघडले. पगडी बांधलेला वेटर तेथे संस्थेचा सभासद आहे. तिरुवनंतपुरम येथे लॉरी बेकर यांनी रचलेल्या सर्पिल इमारतीत प्रवासी, विद्यार्थी आणि कुटुंबे आजही शेजारी-शेजारी बसून खातात.

या संस्थांचे गुणगान करताना त्यांच्या अडचणी लपवण्याचे कारण नाही. शहराच्या मध्यवस्तीतील वाढती भाडी त्यांना पेलत नाहीत. बंगळूरचे महात्मा गांधी रस्त्यावरील जुने कॉफी हाउस २००९ साली तेथून हलवावे लागले. झगमगाट आणि जाहिरात यांत त्या कमी पडतात. तथापि जेथे ताटातील अन्न स्वस्त आहे आणि वाढणारा कोणाचा चाकर नाही, ते स्थळ वाढदिवसासाठी ‘खास’ नाही असे कोणी ठरवले?

प्रत्येक शहरात कॉफी हाउस नाही, आणि ग्राहकाच्या सद्भावनेने शोषणाचा अंत होत नाही, हेही स्पष्ट आहे. हॉटेल कामगार लहान-लहान जागांत विखुरलेला, परप्रांतातून आलेला आणि पुष्कळदा मालकाच्याच खोलीत झोपणारा असल्यामुळे त्याची युनियन बांधणे कठीण असते. ते काम वेतन-चिठ्ठी, साप्ताहिक सुटी आणि भविष्य निर्वाह निधी या साध्या मागण्यांपासूनच सुरू होते. अन्य प्रांतांत राहणाऱ्या मराठी साथींना एक गोष्ट विशेष जवळची वाटावी: घरापासून दूर राहून पोट भरणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.

म्हणून वाढदिवसाला सहकुटुंब बाहेर जरूर जेवावे. मात्र वाढणाऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नये, त्याचे नाव विचारावे, बक्षिसी त्याच्याच हातात द्यावी आणि आठवड्याची सुटी मिळते का, याची चौकशी करावी. टेबलाशी बसलेले मूल हे सारे पाहत असते. श्रमाची किंमत त्याला त्या संध्याकाळी कळली, तर वाढदिवसाला त्याहून मोठी भेट नाही.