दोन वर्षांच्या पदवीचे मोल

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने भरतीची एक अट शिथिल केली. तोवर उमेदवारापाशी सर्वसाधारणपणे महाविद्यालयीन शिक्षणाचे ६० श्रेयांक असावे लागत. आता २४ पुरेसे मानले जातात. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत मिळणारी असोशिएट पदवी साधारणतः ६० श्रेयांकांचीच असते. फौजदारी न्याय हा विषय घेऊन ती मिळवू पाहणाऱ्या तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका निर्णयासरशी तिचे मोल उतरले.

या विषयाच्या अभ्यासक्रमांचा विस्तार झाला तो उदात्त हेतूने. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ साली, पोलीस पदवीधर असावेत, असे दूरचे ध्येय मांडले. पुढील वर्षीच्या कायद्यान्वये पोलिसांच्या शिक्षणाकडे संघराज्य सरकारचा पैसा वळला आणि महाविद्यालयांनी तत्परतेने वर्ग काढले. श्रमाचा बाजार मात्र त्या ध्येयाच्या मागोमाग गेला नाही.

२०२३ सालचे सरकारी आकडे पाहावेत. गस्तीवरील पोलिसाचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ७२ हजार डॉलर, तुरुंगरक्षकाचे सुमारे ५३ हजार, तर खाजगी सुरक्षारक्षकाचे सुमारे ३७ हजार होते. या तिन्ही नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी शालान्त शिक्षण पुरते. उलटपक्षी, सुमारे ६२ हजार डॉलर देणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या जागेसाठी सामान्यतः चार वर्षांची पदवी मागितली जाते. संघराज्याच्या तुरुंगातील रक्षकालाही तशी पदवी किंवा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे जेथे दार उघडेच आहे तेथे ही किल्ली लागत नाही, आणि जेथे कुलूप आहे तेथे ती चालत नाही.

एवढ्यावरून ही पदवी निरर्थक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. मिनेसोटा राज्यात पोलीस होण्यासाठी किमान दोन वर्षांची पदवी सर्वसाधारणपणे आवश्यकच आहे. काही दले पदवीधरास अधिक वेतन देतात. शिवाय अनेक ठिकाणी एकविसाव्या वर्षापूर्वी पोलिसात नेमणूक होत नाही. अठराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्याला मधला काळ काढावयाचाच असतो. तो अल्प शुल्काच्या महाविद्यालयात गेला, तर बुडणारी मिळकत फारशी नसते. मात्र ज्याला तुरुंगात अठराव्या वर्षीच नोकरी मिळू शकते, त्याच्या हिशेबात दोन वर्षांचे वेतन हीच या पदवीची खरी किंमत होय. संसाराचा भार डोक्यावर असलेल्या तरुणाला ती परवडेलच असे नाही.

तेव्हा प्रश्न अभ्यासक्रम चांगला की वाईट, हा नसून विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी काय सांगितले जाते, हा आहे. येथील श्रेयांक चार वर्षांच्या पदवीसाठी पुढे ग्राह्य धरले जातील काय? परिसरातील पोलीस दल भरतीत आणि वेतनात त्यांची दखल घेते काय? शारीरिक चाचणीत वा पूर्वचारित्र्याच्या चौकशीत उमेदवार नापास झाला, तर ७२ हजारांचा पोलीस होण्याऐवजी तो ३७ हजारांचा सुरक्षारक्षक होईल, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? माहितीपत्रकावर गणवेशातील हसरे चेहरे छापणाऱ्या महाविद्यालयाने ही उत्तरेही त्याच पानावर द्यावीत. न्यायाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेकडून विद्यार्थ्याने एवढ्या न्यायाची अपेक्षा केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.