पत्र्याआडचे लाकूड

कोकणात व गोमंतकात, आणि आता देशावरही, देवस्थानाच्या गंगाजळीत थोडी शिल्लक पडली की विश्वस्त मंडळाच्या सभेत जे ठराव विनातक्रार मंजूर होतात, त्यांत गर्भगृहाची जुनी सागवानी दारे, चौकट, मखर आणि पालखी यांस चांदीच्या अगर पितळेच्या पत्र्याने मढविण्याचा ठराव बहुधा असतोच. ठरावाच्या मसुद्यात भक्तिभावाच्या जोडीला एक व्यावहारिक कारणही नमूद केलेले असते: लाकूड जुने झाले आहे, वाळवीचे भय आहे, सबब ते धातूने आच्छादून सुरक्षित करावे. भक्तिभावाशी माझा वाद नाही. उठावाच्या कामात ज्या सोनारांची व तांबटांची हयात गेली, त्यांच्या हातच्या कारागिरीचा मी चाहताच आहे. परंतु दुसऱ्या कारणाची छाननी एकदा शांतपणे व्हावयास हवी, कारण धातूने झाकले म्हणजे लाकूड वाचले ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच अपुरी आहे, आणि तिच्यापायी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कोरीवकाम पाचपंचवीस वर्षांत भुसा होण्याचा संभव आहे.

लाकूड तोडून, कापून, रंधून शतक लोटले तरी हवेशी चाललेली त्याची देवघेव थांबत नाही. पावसाळ्यात ते बाष्प घेऊन फुगते, वैशाखात ते सोडून आकसते. आणि हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेस ते जवळजवळ शून्य, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेस त्याहून पुष्कळ, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने सर्वांत अधिक असते. स्थिरपणाबद्दल ज्याची ख्याती, ते सागवानसुद्धा ओले असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेस 5 ते 6 टक्के आकसते. तेव्हा समुद्रकाठच्या गावी दीड वीत रुंदीच्या फळीत आषाढ आणि वैशाख यांच्यामध्ये दोनतीन मिलिमीटरांचा फरक पडला तर त्यात नवल नाही. चांदीचा पत्रा मात्र ऋतूंची दखल फारशी घेत नाही. तपमानात 30 अंशांचा फेर पडला तरी मीटरभर लांबीत तो जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि दमट हवेने तर मुळीच वाढत नाही. असे दोन पदार्थ चुका ठोकून एकमेकांस जखडले म्हणजे त्यांच्यातील ताण कोठे तरी वाट काढणारच: प्रथम चुका सैलावतात, मग पत्र्यास पोक येतो, आणि त्या पोकळीत अभिषेकाचे पाणी, तेल व धूळ यांची वस्ती सुरू होते. दाराच्या मागील उघड्या बाजूने शिरलेली ओल पुढे पत्र्यापाशी येऊन अडते, कारण धातूतून तिला निर्गम नाही. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की बुरशीला निमंत्रण मिळते. आणि ज्या वाळवीच्या भयाने हा सारा खटाटोप केला, ती जमिनीतून व भिंतीतून चौकटीच्या पायाशी येत असल्यामुळे समोरच्या पत्र्याने तिची अडचण होत नाही, उलट तिला आडोसाच मिळतो.

धातूने मढविलेल्या लाकडाची खरी परीक्षा समुद्रावर झाली, आणि तिचा वृत्तांत आमच्या विश्वस्तांनी अवश्य वाचावा असा आहे. उष्ण सागरांत जहाजांच्या तळाला पोखरणारा जो प्राणी, ज्यास लोक कीड म्हणतात परंतु जो वस्तुतः शिंपल्याच्या कुळातला आहे, त्याच्या उपद्रवाने त्रस्त होऊन इंग्रजी आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ नावाच्या एका युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढविला व तिला वेस्ट इंडीजकडे धाडले. ती परतल्यावर पाहणी झाली, तेव्हा असे आढळले की तांब्याखालचे लाकूड शाबूत होते, परंतु तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. आणि मौजेची गोष्ट अशी की, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्या कागदाचा तुकडा जेथे जेथे खिळ्याच्या माथ्याखाली चुकून राहून गेला होता, तेथे तेथे खिळा बचावला होता. गॅल्व्हानीच्या बेडकांची व व्होल्टाच्या विद्युत्‌घटाची वार्ता जगास कळण्यापूर्वीची ही गोष्ट. खारे पाणी मध्ये असता तांबे व लोखंड एकमेकांस टेकले तर लोखंडाचा बळी जातो, हे शास्त्र त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. कागदाच्या कपट्याने ते सिद्ध केले. पुढे जहाजांच्या बांधणीतील लोखंडी खिळ्यांच्या जागी तांब्याच्या जातीचे खिळे आले तेव्हाच ही पद्धत निर्धोक झाली.

मुंबईच्या गोदीला हे सर्व अपरिचित नव्हते. सुरतेहून 1736 मध्ये येथे आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मलबारी सागवानात जी जहाजे बांधली, त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्या काळी जहाजाच्या पाण्याखालच्या भागास तांब्याचे कवच चढविण्याचा प्रघात सागवानी जहाजांनाही लागू होता. या कवचाविषयीचा एक प्रसंग मात्र मला अधिक बोधप्रद वाटतो. 1824 च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या विख्यात रसायनज्ञाने तांब्यास लोखंडाचे अगर जस्ताचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबविण्याची युक्ती काढली. झीज थांबली, परंतु तळावर शंखशिंपल्यांची व शेवाळाची इतकी दाटी झाली की जहाजांचा वेग मंदावला आणि युक्ती गुंडाळावी लागली. तांबे रक्षण करीत होते ते स्वतः कणाकणाने विरघळून. म्हणजे धातूचे आवरण कोणत्या कारणाने उपयोगी पडते याचा पत्ता लागण्यापूर्वीच त्याच्या उपयोगावर भिस्त ठेवणे मोठ्या शास्त्रज्ञासही महाग पडले.

धातूच्या याहून कितीतरी पातळ आवरणाचा दाखला जुन्या गोव्यात आहे. 1605 मध्ये ज्याचे पवित्रीकरण झाले त्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या प्रमुख वेदीमागील लाकडी शिल्पावर सोन्याचा मुलामा आहे. सोन्याच्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. एवढी विरळ गोष्ट लाकडाचे पाण्यापासून किंवा किडीपासून काय रक्षण करणार? पण युरोपीय कारागिरांच्या रीतीप्रमाणे वर्ख लाकडावर थेट बसत नसे. आधी सरसात कालविलेल्या खडूचे थरावर थर, ते घासून गुळगुळीत केल्यावर मऊ लाल मातीचा लेप, आणि मग वर्ख. लाकडाची हालचाल त्या थरांच्या अंगी काही अंशी जिरते व सोन्यापर्यंत तिचा धक्का उणा होऊन पोहोचतो. ओल फार झाली तर हे थरही सुटतात, हे खरे. तरी बूज राखावयाची ती अशा कामात दिसणाऱ्या सोन्याइतकीच न दिसणाऱ्या खडूची, असे माझे मत आहे. ‘अलार्म’च्या कागदाचा कपटा आणि वेदीवरचा हा खडू एकाच कामाला लागलेले आहेत. आमच्या देवळांतील पत्र्याखाली मात्र बहुधा काहीच नसते. असलाच तर लोखंडी चुकांचा गंज असतो, आणि त्या गंजाने चुकेभोवतीचे लाकूड काळे पडून बोटाने उकरता येईल इतके भुसभुशीत झालेले असते.

प्रयोगशाळांतून आता लाकडावर निर्वात पात्रात धातूची वाफ बसविणे, विजेवाचून केवळ रासायनिक क्रियेने तांबे अगर निकेल चढविणे, वितळलेल्या धातूचा फवारा मारणे, असे उपक्रम चालले आहेत. विद्युत्‌चुंबकीय लहरींना अडविणाऱ्या फळ्या यातून तयार होतात. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निनचा नाश होऊन ते करडे पडते, त्यावर जस्ताच्या व टायटॅनियमच्या ऑक्साइडांचे लेप गुणकारी ठरतात. मी या संशोधनाचा विरोधक नाही. पण त्यातही घोडे अडते ते पूर्वीच्याच जागी. लाकूड निर्वात पात्रात घातले की आपल्या पोटातील पाणी सोडू लागते आणि पात्रातील पोकळी बिघडवते. फिल्म चढली तरी खालचे लाकूड फुगले की तिला तडे जातात. म्हणून चकाकीच्या छायाचित्रांवर न भुलता, ओल्या-कोरड्याच्या अनेक फेऱ्यांनंतर ती फिल्म लाकडास कितपत धरून राहिली, एवढेच विचारावे.

तेव्हा विश्वस्तांनी काय करावे? ज्या दारावर कोरीवकाम आहे ते झाकू नये, हे माझे पहिले म्हणणे. पंढरपुरास 2024 मध्ये विठ्ठलमंदिराच्या जतनकामात नंतरच्या काळातील आवरणे उतरवून मूळ दगड मोकळा करण्यात आला, मग लाकडाने काय घोडे मारले आहे? साध्या फळीस मढवावयाचेच असेल, तर जाणत्या सुताराकडून व ओल मोजणाऱ्या यंत्राकडून तिची खातरजमा करून घ्यावी, खिळे पत्र्याच्याच धातूचे वापरावेत, मध्ये अस्तर घालावे, खिळ्यांची भोके किंचित लांबट ठेवावीत म्हणजे फळीस हलण्यास वाव राहील, मागची बाजू मोकळी ठेवावी, आणि एक पट्टी स्क्रूने बसवून ती दरवर्षी पावसाळा सरल्यावर उघडून पाहण्याची तजवीज ठेवावी. सोनाराला हे सांगितले तर तो नाक मुरडणार नाही. त्याला कोणी विचारतच नाही.

देवस्थानच्या दफ्तरात चांदीची नोंद वजनासह होते, हिशेबतपासनीस ती पडताळून पाहतो, देणगीदाराचे नाव तर पत्र्यावरच कोरलेले असते. त्याच नोंदवहीत, मढविण्यापूर्वी घेतलेली दाराची छायाचित्रे, लाकडाची जात, त्या दिवशीची ओल आणि प्रत्येक वार्षिक तपासणीचा शेरा यांसाठी एक पान राखून ठेवावे, आणि ते पान भरलेले दिसल्याखेरीज पत्र्याचे देयक मंजूर करू नये.