बाहेरची भिंत कोणाची?

पावसाळ्याच्या झडीने भिंती पाझरू लागल्या की वीर-महाड पट्ट्यातील सदनिकाधारक बाल्कनी प्लास्टिकच्या पत्र्याने बंद करतो आणि खिडकीला लोखंडी पिंजरा ठोकतो. हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः बाहेरच्या भिंतीत केलेला बदल साऱ्या इमारतीच्या जीविताशी निगडित असतो. खालच्या मजल्यावरची ज्वाला त्याच वाटेने वर चढते, आणि पिंजऱ्यामुळे सुटकेची अखेरची वाटही बंद होते.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीच्या नूतनीकरणात खर्च वाचविण्यासाठी जस्ताऐवजी पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे तक्ते बसविण्यात आले. १४ जून २०१७ रोजी एका स्वयंपाकघरातील आग त्या तक्त्यांवरून भडकली आणि ७२ माणसे मेली. हाँगकाँगच्या ताई पो भागात २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुरुस्ती चालू असलेल्या वसाहतीत परांचीवरील जाळी व खिडक्यांवरील फोमचे तक्ते पेटले आणि दीडशेहून अधिक रहिवासी प्राणास मुकले. दोन्ही ठिकाणी बळी पडले ते प्रामुख्याने सामान्य उत्पन्नाचे लोक.

आपल्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने इमारतीचे बाह्य स्वरूप लक्षणीयरीत्या बदलत नसेल तर परवानगीची सक्ती ठेवलेली नाही. म्हणजे कसोटी दिसण्याची, जळण्याची नव्हे! २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी व जुलैमध्ये प्रमाणपत्र द्यावे लागते, परंतु ते बसविलेल्या अग्निशमन यंत्रणेच्या सुस्थितीचे असते. इंग्लंडने २०१८ साली १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी केली. ती ७२ मृत्यूंनंतर.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे बचत एकाच्या पदरी पडते आणि धोका सर्वांच्या माथी येतो. अशा व्यवहाराचे नियमन बाजार करू शकत नाही; ते शासनानेच केले पाहिजे. बाह्य भिंतीवर ज्वलनशील साहित्य लावण्यास उंचीचा विचार न करता मनाई हवी, पिंजऱ्याला आतून उघडणारे दार सक्तीचे हवे, आणि गरीब रहिवाशांना न जळणारे साहित्य घेण्यासाठी अर्थसाहाय्य हवे. त्याविना केलेली सक्ती म्हणजे केवळ दंडवसुली ठरेल.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. ती आग नव्हती; पण माणसे गेल्यावर चौकशी करण्याची रीत तीच होती. तपासणी आधी व्हावी, एवढी मागणी करण्याचा हक्क महाडकरांना नक्कीच आहे.