तार तुटली तरी जिल्हा चालला पाहिजे

जालना जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार बंद पडले. त्या सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणजे आपल्यासारख्यांची खाती असतात तशा. त्यांच्यावर थेट हल्ला झालाच नव्हता. त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे संगणकातली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरले. लागण पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने या कंपनीची जोडणीच तोडली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली आणि सारे थोडक्यात निभावले. तेच चार दिवस चालले असते, आणि तेही पेरणीच्या तोंडावर, तर आपल्याकडे काय झाले असते?

हा प्रश्न भीती घालण्यासाठी विचारत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत देशावर १५ लाखांवर सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यांपैकी सुमारे १५० यशस्वी ठरले, असे महाराष्ट्र सायबर विभागाने जाहीर केले होते. शस्त्रसंधीनंतरही ते थांबले नाहीत. यातले बहुतेक फुसके होते, हे खरे. पण अशा लढाईत शत्रूला जालना कुठे आहे हे माहीत असण्याचीही गरज नसते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. त्याने मर्स्क ही जहाजकंपनी आडवी केली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले, तिच्याच समूहाकडे असलेले एक टर्मिनल ठप्प झाले. जालन्याजवळचे ड्रायपोर्ट याच बंदराने हाती घेतलेले आहे. म्हणजे कुठल्या तरी परक्या देशात लागलेल्या आगीची झळ जालन्यापर्यंत यायला आता रस्ता तयार आहे.

त्याच मर्स्कची पुढची हकिकत सांगण्यासारखी आहे. जगभरातल्या कार्यालयांतले त्यांचे मुख्य सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगाने तारले. आपण योगायोगावर का विसंबायचे?

माझे म्हणणे एवढेच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक गावाने नेटशिवाय चार दिवस काम चालेल अशी एक वाट राखून ठेवावी, आणि वर्षातून एकदा तरी त्या वाटेने चालून पाहावे. स्वदेशी अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतले की स्वावलंबन झाले, हे मला पटत नाही. तार तुटल्यावर आपल्या हाताने काय चालवता येते, यावर ते ठरते.

जालन्याच्या स्टीलवाल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. इंडक्शन भट्टी चालू असताना वीज गेली तर कॉइल थंड ठेवायला पाणी लागतेच. म्हणून उंचावर टाकी बांधलेली असते आणि पंप बंद असला तरी पाणी आपोआप उतरते. भट्टीसाठी घेतो ती काळजी कंट्रोल पॅनलसाठीही घ्या. मशीन कंपनीच्या इंजिनिअरला दुरून पॅनल दुरुस्त करता यावे म्हणून दिलेला प्रवेश काम संपताच बंद करा. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या वीजवितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकत होता आणि एकेक ब्रेकर उघडत होता. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत दिवे लागले, कारण माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर पुन्हा जोडले. त्यांना ते काम येत होते.

पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांच्या सचिवांना विशेष विनंती. बॅकअप आहे का, असे विचारले की "आहे ना" असे उत्तर मिळते. बघायला गेले तर हार्डडिस्क त्याच संगणकाला कायमची लावलेली असते. रॅन्समवेअर संगणकाबरोबर तिलाही कुलूप लावते. रोज संध्याकाळी दिवसाचे काम झाले की प्रत घ्या, वायर काढा, डिस्क तिजोरीत ठेवा. आठवड्यातून एकदा सभासदनिहाय शिलकीची यादी छापून फाइल करा. महिन्यातून एकदा डिस्कवरची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही.

पाण्याचे तर आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१२-१३ चा दुष्काळ आपण टँकरवर काढला. नव्या जालन्याला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव निजामकाळातला. त्याचे पाणी उताराने येते. त्यातला गाळ जालनेकरांनी लोकसहभागातून काढला. कडवंचीने पाणलोटाची कामे करून शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. हे सारे पाण्यासाठी केले, पण नेट आणि वीज बंद पडल्याच्या दिवशीही ते कामी येईल. म्हणून गावातला आड बुजवू नका. पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह हाताने कसा फिरवायचा, हे ऑपरेटरखेरीज आणखी दोघांना शिकवा. ग्रामपंचायतीत जनरेटर असेल तर तो महिन्यातून एकदा सुरू करून पाहा.

तरुणांनो, तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. यंत्रणा भेदणारे परदेशात होते. त्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नमूद केले. पण बनावट कार्ड घालून नोटा काढणारे काही हात आपल्याच कोल्हापुरातल्या आणि मुंबईतल्या एटीएमवर होते. त्यांतल्या अनेकांना पुढे पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते किंवा सिमकार्ड कुणाला वापरायला देऊ नका. शत्रूला आपल्या गावात उतरायला तेवढी जागा पुरते.

घरोघरी काय करायचे ते थोडक्यात. चार दिवसांचा किराणा, औषधे आणि थोडी रोकड घरात असू द्या. दहा महत्त्वाचे फोन नंबर वहीत लिहा. सेलवर चालणारा एक रेडिओ ठेवा. नेट बंद पडते तेव्हा अफवा मात्र जोरात धावतात, आणि खरी बातमी ऐकायला काही तरी हवे. फसवणूक झाली तर लाजू नका, पहिल्या तासात १९३० वर फोन करा.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, अशी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. आपल्या गावात नेट आणि वीज चार दिवस नसेल, तर पाणी कोण सोडेल, रेशनची नोंद कशात होईल, दवाखान्यात कोण नेईल, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरांपुढे माणसांची नावे लिहा आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लावा. शहरात हेच काम वॉर्डावॉर्डांतल्या गणेश मंडळांनी उत्सवाआधी करावे; त्यांच्याकडे माणसेही आहेत आणि घराघरांत जाणे-येणेही आहे.

आपला,
एक जालनेकर