कळते, वळते, पण परवडते का?

'कळते पण वळत नाही' ही म्हण आपण मुलांना येता-जाता ऐकवतो. आहाराच्या बाबतीत तीच म्हण आपण कमी पगाराच्या माणसांनाही लावतो. "त्यांना सकस आहाराची माहितीच नसते हो, म्हणून मैद्याचा परोटा आणि गोड चहा यांवर दिवस काढतात," असे वाक्य मस्कतमधल्या आपल्या गप्पांत सहज ऐकू येते. पगार वाढला की शिक्षण वाढते आणि शिक्षणाबरोबर आहाराचे ज्ञान आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. उरलेली अर्धी आपल्या मुलांच्या मनात रुजू नये, म्हणून हा लेख.

आधी खरी बाजू. हाताशी पैसा असला की वर्षातून एकदा रक्त तपासून घेता येते, आहारतज्ज्ञाचा सल्ला घेता येतो, दुकानात पाकीट उलटून वाचायला सवड मिळते. इथे ओमानमध्ये पाकिटावरचा मजकूर बहुधा अरबी आणि इंग्रजीत असतो. ज्याची शाळा गावाकडे चार-सहा इयत्तांत सुटली, त्याला त्यात साखर किती आणि मीठ किती हे वाचताच येत नाही. ही दरी खरी आहे.

आता दुसरी बाजू पाहू. सोलापूरकडच्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या आजींना विचारा. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी यांतले काय कधी खावे आणि कशाबरोबर खावे, हे त्या न अडखळता सांगतील. कोकणातल्या आयांना 'कॅल्शियम' हा शब्द ठाऊक नव्हता, तरी बाळाला नाचणीचे सत्त्व त्या देतच होत्या. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120. (कोरड्या धान्याची पातळ दुधाशी तुलना काटेकोर नाही हे मान्य, पण आकडा डोळ्यांत भरण्याजोगा आहे.) हे ज्ञान साध्या, कष्टकरी घरांतले होते. गव्हाची पोळी आणि पांढरा भात हे तिथे सणाचे खाणे होते, सुबत्तेची खूण होती.

मग त्या घरांतली भाकरी कमी का झाली? अज्ञानापेक्षा भावामुळे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो केला. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात भरड धान्यही 1 रुपया किलो होते, पण पिशवीत पडले ते मुख्यतः गहू-तांदूळच. यामुळे कोट्यवधी लोकांची भूक भागली, तेव्हा या योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या बाईला गहू मोफत मिळतो, ती दुकानातून महाग ज्वारी कशाला आणेल? तिला कळत नाही असे नव्हे. तिचा हिशेब पक्का आहे.

गंमत अशी, की 2023 हेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेही भारताच्या प्रस्तावावरून. शहरांतल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे पोहे झळकू लागले. गरिबाच्या ताटातून उठलेली भाकरी 'मिलेट' हे नाव घेऊन श्रीमंताच्या ताटात येऊन बसली.

आणि पैसेवाल्यांचे ज्ञान तरी किती भरवशाचे? दुधात घालायच्या गोड पावडरी आपल्या मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे पौष्टिक म्हणून मुलांना पाजल्या. अखेर एप्रिल 2024 मध्ये भारताच्या वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावे लागले, की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. म्हणजे जास्त उत्पन्नाबरोबर जास्त माहिती येते, तशी जास्त जाहिरातही येते, आणि दोन्हींतला फरक शिकलेल्यांनाही चटकन कळत नाही.

ओमानपुरते बोलायचे तर इथल्या सरकारने किमतीचे बळ ओळखले आहे. जून 2019 मध्ये सोडायुक्त पेयांवर 50 टक्के आणि ऊर्जापेयांवर 100 टक्के कर लागला. 1 ऑक्टोबर 2020 पासून साखर घातलेल्या इतर पेयांवरही 50 टक्के कर आला. हे चांगलेच झाले. पण गोड महाग केल्याने फळे स्वस्त होत नाहीत. एका खोलीत अनेक जण राहतात, शेगडी सामाईक असते, पहाटे बस गाठायची असते आणि पगारातला मोठा वाटा गावी पाठवायचा असतो. अशा माणसाला पालेभाजी चांगली हे शिकवावे लागत नाही. आपल्या मुलांना दूध मिळावे म्हणूनच तर तो इथे पोटाला चिमटा काढतो. त्याच्याकडे कमी आहे ते पैसा, वेळ आणि चूल.

महाराष्ट्रात याचे एक चांगले उदाहरण आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्य सरकारने 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिचा गाभा म्हणजे अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण. सल्ल्याबरोबर ताटही पुढे ठेवले पाहिजे, हे त्यात मानलेले आहे.

माझ्या मते माहिती आणि ऐपत ही दोन वेगळी गणिते आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की माणसाबद्दल आपले मत चुकते. इमारतीचा रखवालदार, गाडी धुणारा काका, दुकानात सामान उचलणारा दादा यांच्या डब्याकडे आपली मुले "यांना काही कळत नाही" अशा नजरेने पाहू लागली, तर आहाराचे सगळे धडे वाया गेले असे मी म्हणेन.

मग आपण काय करावे? ऐपत बदलणे आपल्या वर्गाच्या हाती नाही, पण भाषेची दरी नक्कीच आहे. म्हणून मुलांना एक काम सुचवतो. घरातल्या पाच पाकिटांवरचे शब्द उतरवून घ्या आणि अरबी, इंग्रजी, मराठी, हिंदी असा चार रकान्यांचा तक्ता करा. अरबीतले 'सुक्कर' म्हणजे आपली साखर (ही दोन्ही नावे भावंडेच आहेत!), 'मिल्ह' म्हणजे मीठ. घटकांच्या यादीत जे पहिले लिहिलेले असते ते पाकिटात सर्वांत जास्त असते, हेही खाली लिहा. मोठ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर आजीकडून एक स्वस्त, सकस पदार्थ लिहून आणावा. एका शेगडीवर अर्ध्या तासात होणारा असावा, एवढीच अट.

तक्ते पुढच्या वर्गाला आणा. सगळे जुळवून एक पान करू, झेरॉक्स काढू आणि ज्यांना हवे असेल त्यांना देऊ. देताना मात्र उपदेश नको. "काका, तुमच्याकडे गावाला काय खातात?" एवढे विचारा आणि ते सांगतील तेही लिहून घ्या.