चार ट्रॉम्बोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. गोड मानून घ्या.

मागच्या पोस्टिंगची गोष्ट. जागा मध्य भारतातली, युनिटचं नाव सांगत नाही. २६ जुलै, कारगिल विजय दिवस. स्मारकापुढे आम्ही सगळे सावधानमध्ये उभे. समोर खुर्च्यांवर पाहुणे, बाजूला शाळेची पोरं. बँड त्या दिवशी दुसऱ्या कार्यक्रमाला पाठवलेला, बिगुलवालाही त्याच्याबरोबर. म्हणून ‘लास्ट पोस्ट’साठी खांबामागे ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता. चार सूर वाजले न वाजले तोच आवाज तुटला आणि त्या स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत म्हणाली, ‘डिस्कनेक्टेड’.

पोरं हसली. पोरांचा दोष नाही. पहिल्या रांगेत एक वीरमाता बसल्या होत्या, त्या मात्र समोर बघत राहिल्या. मला मान खाली घालायची होती, पण सावधानमध्ये तीही घालता येत नाही.

त्याच संध्याकाळी एक साहेब सहज म्हणाले, ‘आता सगळं रेकॉर्डिंगवर मिळतं. बँड पोसायचा कशाला? शोभेची वस्तू आहे ती.’ तेव्हा गप्प बसलो. साहेबांपुढे उलट बोलायची सवय नाही. आता बोलतो.

साहेब, ही वाट कुठे जाते ते अमेरिकेने दाखवलं आहे. तिथे माजी सैनिकांच्या अंत्यविधीला बिगुलवाले पुरेनात, म्हणून २००३ मध्ये असं बिगुल आणलं की भोंग्यात छोटं यंत्र बसवायचं, कळ दाबायची आणि जवानाने नुसतं ओठांना लावून उभं राहायचं. वाजतं छान, चूकही होत नाही. पण मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाचा श्वास खर्च व्हावा, एवढंच तर त्या सुराचं म्हणणं असतं. तेच काढून टाकलं तर उरलं काय?

आता शोभेच्या वस्तूबद्दल. बँडचे जवान लढाईत स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागे आणतात. हे ज्याला माहीत नाही त्याने बँडवर बोलू नये.

त्याच पोस्टिंगमध्ये बँडच्या स्टोअरमागे मी आणखी एक गोष्ट पाहिली. बँडमध्ये चार ट्रॉम्बोनवाले. एक मिझो, एक गढवाली, एक तमिळ आणि चौथा आमच्या सांगलीकडचा. परेड संपली की चौघं चिंचेखाली बसून फक्त स्वतःसाठी वाजवायचे. ना ड्रम, ना कदमताल. चार ट्रॉम्बोन एकमेकांचं ऐकत वाजले की जो आवाज होतो, तो मार्चमध्ये कधीच कानावर येत नाही. तिथे ते मागे ‘पों-पों’ करायलाच असतात.

हे काही खूळ नव्हे. बेटोव्हनने १८१२ मध्ये लिंझ गावी नेमक्या चार ट्रॉम्बोनसाठी तीन छोट्या रचना लिहिल्या, मृतांच्या स्मरणदिनासाठी. १८२७ मध्ये त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत त्यांतल्याच वाजल्या. म्हणजे जे काम आम्ही स्पीकरवर सोपवलं, त्यासाठी जगातल्या एवढ्या मोठ्या संगीतकाराने चार ट्रॉम्बोन मागितले होते.

चौघांभोवती हळूहळू क्वार्टरमधली पोरं जमू लागली. धोब्याची दहा वर्षांची मुलगी सगळ्यांत पुढे. ट्रॉम्बोनला बटणं नसतात. नळी पुढेमागे सरकवायची, तिच्या सात जागा. सहावी-सातवी जागा लहान हाताला येत नाही. गढवाली उस्तादांनी काय करावं? त्यांनी पांढरी चारचा सा धरून भूपात एक नवी चाल बांधली. भूपाचे पाचही सूर तिथे चौथ्या जागेच्या आतच सापडतात. शिवाय नळी सरकवताना सुरांमधली मींडही निघते, जी बटणांच्या ट्रंपेटवर अशी निघणार नाही. पोरीच्या हाताच्या मापाने नवं संगीत लिहिलं गेलं! महिनाभरात ती चाल चार हवालदारांच्या साथीने तिने वाजवली.

मग हुकूम आला. सरकारी वाद्य सिव्हिलियन पोरांच्या हातात द्यायचं नाही. चेपलं तर जबाबदार कोण? क्लास बंद.

सरकारी मालाची काळजी मलाही आहे. पण कंडम झालेली वाद्यं स्टोअरमध्ये गंजत पडतात. त्यातली दोन दुरुस्त करून शिकवायला द्या की!

कोणी म्हणेल, इंग्रजांचं वाद्य, इंग्रजांची शिस्त, जाऊ दे. ‘कदम कदम बढाये जा’ची चाल कोणी बांधली? गुरखा पलटणीतल्या बँडच्या राम सिंह ठाकुरींनी, आझाद हिंद सेनेत. वाद्य परकं असेल, श्वास आपलाच होता. २०२२ मध्ये बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ वगळली तेव्हा आपण सगळे भांडलो, कोणती धून ठेवायची आणि कोणती काढायची. पुढची धून कोण लिहितोय, हे एकानेही विचारलं नाही. लिहिणारा चिंचेखाली बसला होता.

आणि शिकवण्याचं फळ बघायचं तर गोव्याकडे बघा. तिथल्या चर्चच्या शाळांत गावातल्या पोरांना स्वरलिपी आणि वाद्यं शिकवली जायची. त्यातून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीताचे ऑर्केस्ट्रा भरून काढले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बँडला आठवड्यातून दोन संध्याकाळी चौघा-पाचांत बसून वाजवायला द्या. उस्तादांनी बांधलेल्या नव्या चाली कार्यक्रमात घ्या. कंडम वाद्यांवर छावणीतल्या पोरांना शिकवू द्या. आणि स्मारकापुढे माणूसच उभा करा, त्याचा सूर हलला तरी चालेल.

माजी सैनिक बंधूंनो, थोडं तुमच्यासाठीही. पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण घेतलेला, वीस वर्षं फुंकर मारलेला हवालदार पेन्शनवर गावी येतो आणि एटीएमच्या दारात स्टुलावर बसतो. आमचा सांगलीवाला आज तेच करतोय. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याला हात धरून शाळेत न्या. हेडमास्तरांना सांगा, आठवड्याला एक तास द्या.

ती धोब्याची मुलगी आता कुठे असेल माहीत नाही. भूपाची ती चाल मात्र मला अजून पाठ आहे. कोणाला हवी असेल तर गाऊन दाखवतो.

जय हिंद.