हलाल आहे का, आणि त्यानंतर?

वर्गात कुठल्याही प्राण्याचा फोटो दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हा हलाल आहे का?" निळ्या क्रेफिशचा दाखवला तेव्हाही तोच आला. प्रश्नात चूक काहीच नाही. पण मोठ्यांचंही बोलणं तिथेच संपतं, हे मला खटकतं.

क्रेफिशला गोड्या पाण्यातला शेवंड म्हणा. भारतात तो मूळचा नाही. मी सांगतोय तो ऑस्ट्रेलियातल्या लॅमिंग्टन पठारावरचा, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरचा. डोंगरावरच्या वर्षावनातले थंड ओढे हे त्याचं घर. अंगावर काटे, रंग बऱ्याचदा झगझगीत निळा. पावसाळी हवेत ओढा सोडून जंगलात फिरायला निघतो आणि माणूस आडवा आला तर नांग्या उगारून चक्क फुसकारतो!

आता फिकहचं बघा. हनफींकडे पाण्यातला फक्त मासा हलाल, मालिकींकडे सवलत मोठी, आणि जमीन-पाणी दोन्हीकडे वावरणाऱ्या प्राण्यांवर शाफईंमध्ये चर्चा आहेच. क्वीन्सलँडच्या कायद्यापुढे हा वाद उरत नाही. तिथे काटेरी क्रेफिश पकडायलाच बंदी आहे.

तरीही तो सुरक्षित नाही. त्याला गारवा लागतो. हवा तापली की प्राणी वर सरकतात. जो आधीच माथ्याजवळ राहतो, त्याने कुठे जायचं? सप्टेंबर 2019 मध्ये लॅमिंग्टनमध्ये वणवा शिरला. वणव्यानंतर पाऊस पडला की राख ओढ्यात उतरते आणि पाणी बिघडतं. यात खाण्याचा संबंध कुठे आला?

आपल्या दीनमध्ये याचा विचार आहे. मक्केच्या हरममध्ये शिकार मना आहे. एहराममध्ये हरीण मारलं तर बदला द्यावा लागतो, आणि हरीण तर हलाल! म्हणजे 'खाता येतं' आणि 'मारता येतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राखून ठेवलेल्या कुरणांसाठी 'हिमा' हा शब्दही आपल्याकडे आहे. जुम्म्याच्या बयानात तो शेवटचा कधी ऐकलात? कोंबडी कुठल्या दुकानातून घ्यावी, हे मात्र मी बऱ्याचदा ऐकलंय.

ऑस्ट्रेलिया लांब राहिला. कोकणात पाऊस लागला की पोरं पिशव्या घेऊन मुठे पकडायला निघतात. मुठ्याची मादी अंडी आणि पिल्लं पोटाखाली घेऊन फिरते. अशी मादी सोडून द्या, एवढं मौलानांनी मिंबरवरून सांगावं. पोरं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.